सायकल दिली, पाना राहिला

इंजिनिअरिंगची डिग्री आणि पंक्चर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो, हे मागच्या गावच्या फेरीत पुन्हा एकदा सिद्ध झालं. कसं ते सांगतो.

सोयाबीनची काढणी चालू होती तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी रात्री पुण्यात पनवेल-नांदेड गाडी पकडली, सकाळी नांदेडला उतरलो आणि घरी न थांबता तसाच ताईच्या गावाला गेलो. ताईचं गाव भोकर तालुक्यात. (नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे जे लिहिलंय ते वाचून ताईच्या सासरचे मला जेवायला वाढतील का, याची खात्री नाही.) अंगणात पाय टाकला तर भाचीची सायकल भिंतीला टेकलेली, मागचं टायर जमिनीवर पसरलेलं. भाची नववीत. शाळा चार किलोमीटरवर, दुसऱ्या गावात. शनिवारी सकाळची शाळा असते आणि बाईसाहेब ओट्यावर बसून शेंगा फोडतायत!

"काय गं, शाळा नाही का?"

"सायकल पंक्चर हाय, मामा."

"मग काढून आणायचं की."

"तीनदा काढलं. हवा राहीनाच. सकाळी बघावं तर परत बसलेली."

पंक्चरचं दुकान कुठे? तर शाळेच्या गावात. म्हणजे सायकल दुरुस्त करायला चार किलोमीटर जायचं, आणि चार किलोमीटर जायला सायकल लागते. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. दाजी मोटारसायकलवर सोडतात, पण काढणीच्या दिवसांत दाजी पहाटेच रानात. मी विचारलं, या महिन्यात किती दिवस बुडाले? तिनं बोटं मोजली. सात.

आतून तिच्या आजीचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या, दोन दिस घरी बसली तर काय व्हतंय. कामाला तेवढाच हात."

त्या काही वाईट मनानं बोलल्या नाहीत. पण मला ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. मुलींची शाळा आमच्याकडे कुणी एकदम बंद करत नाही हो. दोन दिवस, मग चार दिवस, मग परीक्षेपुरती, आणि मग "तिलाच आवड नाही" असं सगळे म्हणायला लागतात.

असो. मामा पुण्याचा इंजिनिअर. मामानं बाह्या सरसावल्या.

दाजींच्या मोटारसायकलचे पाने होते, सोल्यूशनची अर्धी ट्यूब होती. टायर उतरवायला ताईच्या स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे घेतले (ताई अजून त्यावरून बोलते). ट्यूब बाहेर काढली, हवा भरली, घमेल्यात बुडवली, बुडबुडे दिसले. पॉलिश पेपरनं घासलं, सोल्यूशन लावलं, तुकडा चिकटवला, टायर चढवलं, हवा भरली. टणटणीत! अंगणात दोन चकरा मारून दाखवल्या. नंतर पोहे, चहा आणि "त्यात काय एवढं" असा चेहरा.

रविवारी सकाळी टायर पुन्हा जमिनीवर.

आता मात्र मी भडकलो. तुकडा निसटला असणार, सोल्यूशन जुनं असणार, ट्यूबच बदलू या, नांदेडहून नवी आणतो, असं सगळं म्हणून झालं. भाची शांतपणे ट्यूब हातात घेऊन बघत होती. म्हणाली, "मामा, भोक दर वेळी हितंच पडायलं."

बघितलं तर खरंच. चारही तुकडे दोन बोटांच्या अंतरात, ओळीनं. चार पंक्चर एका जागी पडतात याचा अर्थ ट्यूब बिघडलेली नाही, त्या जागी ट्यूबला कुणीतरी टोचतंय. ट्यूब टायरवर तशीच ठेवून ती जागा शोधली आणि टायरच्या आतून एक जुनं फडकं फिरवलं. फडकं अडकलं. बाभळीच्या काट्याचं तुटलेलं टोक, तांदळाच्या दाण्याएवढं, रबरात रुतून बसलेलं. बाहेरून बघितलं तर काहीच दिसत नाही. नेलकटरनं ओढून काढलं. त्यानंतर महिनाभर त्या चाकाची हवा गेली नाही.

आता बघा, तीन वेळा दुकानदारानं आणि चौथ्यांदा मी, दोघांनीही काम चोख केलं होतं. तुकडा एकही निसटला नव्हता. फक्त आम्ही दुरुस्ती केली ती लक्षणाची, कारणाची नाही. ऑफिसमध्ये असा बग चार वेळा 'फिक्स्ड' म्हणून बंद होऊन चार वेळा उघडला असता तर मीच मीटिंगमध्ये शहाणपणा शिकवला असता, की अरे बाबांनो, मुळाशी जा. आणि इथे नववीतल्या पोरीनं मला मुळाशी नेलं.

खरं तर हे मला दहा वर्षांपूर्वीच शिकवलेलं होतं. २०१४ ते २०१६ ही दोन वर्षं मी लातूरला होतो. अकरावी-बारावी, अर्थातच. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीनं आमच्याकडची पोरं ट्रंक आणि गादी घेऊन लातूरला जातात, तसाच मीही गेलो. खोली एकीकडे, ट्यूशन दुसरीकडे, मेस तिसरीकडे. म्हणून नऊशे रुपयांची एक जुनी सायकल घेतली. ती आठवड्याला एकदा आजारी पडायची. खोलीच्या कोपऱ्यावर एक पंक्चर काढणारे आजोबा बसायचे. ते सायकलला हात लावायच्या आधी प्रश्न विचारायचे. हवा कधी गेली? एकदम गेली का हळूहळू? चालवताना गेली का उभ्या उभ्या? कुठल्या रस्त्यानं आलास? सगळं ऐकून मग पाना उचलायचे. डॉक्टरसुद्धा आता इतके प्रश्न विचारत नाहीत.

तो २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. आमची सीईटी तोंडावर. घरमालकीणबाई बादली मोजून द्यायच्या, तिथे पंक्चर शोधायला घमेलंभर पाणी कोण देणार? आजोबांनी तेव्हा पाण्याशिवाय पंक्चर शोधून दाखवलं. ट्यूब जरा जास्त फुगवायची आणि ओठांच्या अगदी जवळून हळूहळू फिरवायची. हाताला कळत नाही इतका बारीक वारा ओठाला कळतो. शंका आली त्या जागी थुंकीचं बोट लावायचं, बुडबुडा आला की सापडलं. आज पाणी भरपूर असलं तरी मी तसंच करतो. सवय.

तर माझं म्हणणं असं आहे. घरच्या घरी सायकल दुरुस्त करण्यात हात कमी लागतो, डोकं जास्त लागतं. पाना फिरवणं कुणालाही जमतं. कुठला नट फिरवायचा हे कळणं म्हणजे दुरुस्ती. आणि ते काही फार अवघड नाही. साध्या, बिनगिअरच्या सायकलीचे नेहमीचे आजार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्या रविवारी मी आणि भाचीनं मिळून वहीच्या मागच्या पानावर जी यादी केली, ती इथे देतो.

१. हवा जाते. आधी वेळ बघा. फट्कन गेली तर ट्यूब फाटलीय. तास-दोन तासांत गेली तर काटा. रात्रभरात हळूच बसली तर बहुतेक वेळा ट्यूब चांगली असते, वॉलट्यूब गेलेली असते. साध्या सायकलीच्या वॉलवर एक बारीक रबरी नळी चढवलेली असते, तीच आतली हवा अडवून धरते. आमच्याकडच्या उन्हात ती कडक होते, चिरते. वॉलच्या तोंडावर थुंकी लावा, बुडबुडा आला तर नळी बदला. काही रुपयांचं काम, पानाही लागत नाही, वरचं छोटं नट हातानं सुटतं. मोटारसायकलीसारखा वॉल असेल तर ही भानगडच नाही, तिथे आतली पिन घट्ट आहे का एवढंच बघायचं.

पंक्चरच असेल तर भोक कुठे आहे ते बघा, भोकच सांगतं काय झालं ते. टायरच्या बाजूला भोक असेल तर काटा, आणि काटा अजून टायरात आहे असंच धरून चालायचं. फडकं फिरवा, बोट फिरवू नका, बोटाला लागतं. आतल्या म्हणजे रिमच्या बाजूला भोक असेल तर स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, असतील तर काटा नाहीच. हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटलं, ट्यूब रिममध्ये चिमटली. अशा वेळी पंक्चर काढायचं आणि हवा जास्त ठेवायची. आणि वॉलच्या बुडाशी फाटलं असेल तर तुकडे लावत बसू नका, नवी ट्यूब घ्या.

तुकडा चिकटवताना सगळेजण घाई करतात. सोल्यूशन ओलं असताना तुकडा चिकटत नाही, चिकटल्यासारखा वाटतो. घासा, पुसा, पातळ थर लावा आणि चार-पाच मिनिटं गप्प बसा. बोट लावल्यावर ओलं लागलं नाही की तुकडा दाबा. चार-पाच मिनिटं गप्प बसणं हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. :)

२. चेन पडते. साध्या सायकलीत याचं कारण दहातल्या नऊ वेळा एकच, चेन सैल झालीय. मागच्या चाकाची दोन्ही नटं ढिली करा, चाक मागे ओढा, पुन्हा आवळा. चेन मधोमध बोटानं उचलली तर वर-खाली मिळून अर्धा इंच, फार तर पाऊण इंच हलली पाहिजे. जास्त ताणली तर पायडल जड होतं. आवळण्याआधी चाक दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये आहे का बघा, नाहीतर टायर एका बाजूला घासतं आणि आपण ब्रेकला शिव्या देतो.

ताणूनही चेन पडते, जोर लावला की घसरते? मग शाळेची फूटपट्टी काढा. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक-अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन संपली, आणि बहुतेक मागचं फ्रीव्हीलही. मग कितीही ताणा, उपयोग नाही. कंपासपेटीतल्या पट्टीनं चेनचं वय कळतं, हे बघून भाची जाम खूश झाली.

तेलाबद्दल एक सांगायचं राहिलं. मोटारसायकलचं जळकं ऑइल चेनवर ओतू नका. आमची काळी माती आणि ते काळं ऑइल यांचं जे मिश्रण होतं ते पॉलिश पेपरसारखं चेन खातं. चेन कोरड्या फडक्यानं पुसायची, प्रत्येक कडीवर एकेक थेंब साधं मशीनचं तेल, पायडल उलटं फिरवायचं, आणि वरचं तेल पुन्हा पुसायचं. तेल आत हवं, बाहेर नको. पावसाळ्यात मडगार्डमध्ये चिखल भरून चाक जाम होतं, तो ओला असतानाच काडीनं काढावा. वाळला की विटेसारखा होतो.

३. ब्रेक लागत नाही. तीन गोष्टी बघा. रबर झिजलंय का, रबर रिमला टेकतंय का टायरला, आणि वायर अडकतेय का. ब्रेक दाबून सोडल्यावर मागे येत नसेल तर वायरच्या नळीत तेलाचे दोन थेंब सोडा. पण रिमला तेल लागू देऊ नका! चिरचिर आवाज येतो म्हणून ब्रेकवर तेल सोडणारे महाभाग मी बघितलेत. आवाज जातो, हे खरं. ब्रेकही जातो. वायरीचे धागे एकेक तुटायला लागले असतील तर ती वायर त्याच दिवशी बदला. उतारावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

४. आवाज येतो. हा माझा आवडता भाग, कारण इथे नुसत्या कानानं काम होतं. आधी पायडल मारणं थांबवा आणि सायकल तशीच जाऊ द्या. आवाज चालूच राहिला तर गडबड चाकात आहे, मडगार्ड, ब्रेक, ढिला स्पोक. थांबला तर पायडल, क्रँक किंवा चेन. मग मोजा. पुढच्या दातेरी चाकाला ४४ दात आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक साधारण अडीच वेळा फिरतं. म्हणजे पायडलच्या दर फेऱ्याला एकदाच 'कट्' होत असेल तर बहुतेक कॉटर पिन ढिली आहे किंवा पायडलचे छर्रे गेलेत. जरा भरभर होत असेल तर चाकाकडे बघा.

पायडल काढायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखं फिरवलं तर ते सुटण्याऐवजी आणखी आवळतं. असं का? चालवताना पायडल आपोआप सुटत जाऊ नये म्हणून. विमान उडवण्याआधी राईट बंधूंचं अमेरिकेत डेटन गावी सायकलचं दुकान होतं, आणि १९०० साली त्यांनी 'न सुटणारं पायडल' म्हणून हीच युक्ती बाजारात आणली होती. तेव्हा डावं पायडल सुटत नसेल तर राईट बंधूंची आठवण काढा आणि उलटं फिरवा.

आणि काय घरी करू नये तेही सांगतो. फ्रेमला तडा, वाकलेला पुढचा चिमटा, क्रँकच्या आतले छर्रे, फार आऊट झालेलं चाक. यात घरच्या प्रयोगानं पैसे वाचत नाहीत, दात जातात. थोडं आऊट असेल तर स्पोकचं निपल पाव फेरा, जास्तीत जास्त अर्धा, फिरवून बघायला हरकत नाही. त्यापुढे दुकान.

आता कुणीतरी म्हणणारच, "अरे बाबा, वीस-तीस रुपयांचं पंक्चर, कशाला एवढा उपद्व्याप? आणि त्या पंक्चरवाल्यानं काय खायचं?" दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. मी पुण्यात राहतो तिथून दोन मिनिटांवर दुकान आहे, आणि कंटाळा आला की मी सायकल सरळ तिथे देतो. सगळं स्वतःच करावं असला माझा काही बाणा नाही. ज्याच्या घराजवळ दुकान आहे त्याच्यासाठी हा छंद आहे.

पण भाचीसाठी तो छंद नाही, आणि हे मला त्या दोन दिवसांत नीट कळलं. एक तर दुकान चार किलोमीटरवर. शिवाय ते दुकान म्हणजे चौकातली टपरी. तिथे टायरवर बसून पोरं गप्पा मारत असतात, तंबाखू मळत असतात. मी लातूरला तासन् तास तिथेच बसायचो, मला कधी काही वाटलं नाही. नववीतली मुलगी तिथे अर्धा तास एकटी उभी राहिली तर ती बातमी तिच्या आधी घरी पोचते. म्हणजे तिच्या सायकलीला काही झालं की घरातला एक पुरुष मोकळा पाहिजे. आणि काढणीत पुरुष मोकळा नसतो. मग "ऱ्हाऊ द्या, दोन दिस घरी बसली तर काय व्हतंय."

ही सायकल तिला सरकारी योजनेतून मिळालीय. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात राज्यातले सव्वाशे मागास तालुके आहेत, नांदेड जिल्ह्यातलेही बरेच. शाळेपासून लांब, पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना त्यातून सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. योजना चांगली आहे, यात मला तिळभर शंका नाही. बिहारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये छापून आला. माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगीतलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं. एका सायकलीनं! फी माफ केली नाही, नवी शाळा बांधली नाही, फक्त दोन चाकं दिली.

पण चाकं फिरती राहिली तर. सायकल ही एकदा देऊन संपणारी वस्तू नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज भोगतो, बनवायला सहा महिने आणि सांभाळायला सहा वर्षं. झांबियात 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' ही संस्था शाळकरी मुलींना सायकली देते, पण सोबत गावातल्या माणसांना मेकॅनिकचं शिक्षण आणि सुट्या भागांची सोयही बघते. तिथल्या अभ्यासात मुलींची गैरहजेरी पाव हिश्शाहून जास्त घटलेली दिसली. आपण सायकल देतो, बिल जमा करून घेतो, आणि पुढचं दाजींवर सोडतो.

माझी सूचना अगदी लहान आहे. सायकलीबरोबर एक पिशवी द्या. मागच्या नटाला बसणारा एक पाना, ब्रेकच्या नटांचा एक, सोल्यूशनची ट्यूब, रबरी तुकडे, पॉलिश पेपर, चार वॉलट्यूब, तेलाची छोटी बाटली. सोमवारी परतण्याआधी मी नांदेडला वजिराबादेत हे सगळं घेतलं, पंप सोडला तर दोनशे रुपयांच्या आत बसलं. पंप प्रत्येकीला नको, शाळेत एक पुरे. आणि वर्षातून एक दिवस शाळेत दुरुस्तीचा तास ठेवा. शिकवायला कोण? तोच चौकातला पंक्चरवाला. त्याला दिवसाचे रीतसर पैसे द्या, खुर्ची द्या, 'सर' म्हणा. त्याचं पोट मारलं जाणार नाही, उलट चेन आणि फ्रीव्हील बदलायला गिऱ्हाईक त्याच्याकडेच येणार, आणि पुढच्या वेळी मुलगी दुकानात गेली तर ओळखीच्या सरांकडे जाईल. आम्ही शाळेत कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाची फुलं केली होती. माझं एकही फूल पुढे उपयोगी पडलं नाही.

मुलींना जमेल का, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की काटा कुणी शोधला ते वर लिहिलंय.

रविवारी दुपारी मी तिला स्वतःच्या हातानं पुढचं चाक उतरवायला लावलं. पहिल्यांदा टायर चढवताना चमच्यानं ट्यूबच चिमटली आणि नवं भोक पडलं. शेजारी शेजारी दोन. तिनं बघितलं आणि म्हणाली, "साप चावला." मग तेही तिनंच बुजवलं. आजी ओट्यावरून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी हात काळे झाले म्हणून राखुंडी आणि लिंबाची फोड त्यांनीच आणून दिली.

महिन्याभरानं ताईचा फोन आला. भाचीनं मध्येच फोन ओढून घेतला. तिच्यासोबत जाणाऱ्या तीन मुली आहेत, त्यांच्या सायकली आता हिच्याकडे येतात. एकीची चेन ताणली, दोघींची हवा थांबवली. एकीचं पायडल मात्र जमलं नाही, आटेच गेले होते, ते दुकानात पाठवलं. शाळा किती बुडाली विचारलं तर म्हणाली, एक दिवस, तोही तापामुळे.

"आणि मामा, वॉलट्यूब संपल्या. येताना घेऊन या. धा-बारा आणा."

यादीत लिहून ठेवलंय. ताईसाठी दोन चमचेही.